आनंद बाजारभावावर टांगून ठेवू नका



आधी शेताची नोंद, मग बोलू. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. आंबिया बहर बरा फुटला आहे, बारा आणे फुलं उमलली. डिसेंबरात दिलेला ताण जानेवारीत हलक्या पाण्यानं तोडला होता, आता ठिबक रोज थोडं थोडं चालू आहे. नवतीवर सिट्रस सायला आहे का ते भिंगानं पाहिलं, दोन-चार झाडांवर दिसला. पण फुलं उघडी आहेत तोवर कीटकनाशक मारणार नाही, मधमाश्या कामावर आहेत. गहू ओंबीवर आला. तूर निघाली. पऱ्हाटी डिसेंबर संपता संपता उपटून टाकली, गुलाबी बोंडअळीच्या भीतीनं फरदड ठेवलीच नाही.

आता ज्यासाठी आज लिहायला बसलो ते सांगतो.

काल सकाळी बगीच्यातून निघून पानठेल्यावर आलो. अंगाला संत्र्याच्या फुलाचा वास लागला होता. ज्यांच्याकडे बगीचा आहे त्यांना हा वास सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो : आमच्या काटोल-नरखेडच्या पट्ट्यात वर्षातले हे पंधरा-वीस दिवस असे असतात की पहाटे गाडीवरून जाणारा माणूसही गाडी हळू करते. मी सहज म्हटलं, "यंदा वास लय चांगला सुटला बुवा." तर तिथं उभा असलेला आमच्या भावकीतला एक पोरगा म्हणाला, "काका, भाव काय भेटन ते सांगा. वास काय चाटाचा हाय?"

सगळे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही. कारण तीन वर्षांपूर्वी मीही असंच बोलत होतो. नुसता बोलत नव्हतो, तसाच जगत होतो.

जरा हिशेब करू. माझी नऊ एकर शेती. चार एकर संत्रा, तीन एकर कापूस-तूर, दोन एकरात सोयाबीन आणि त्यावर गहू. वर्षभरात हातात पैसा येण्याचे दिवस किती? संत्र्याचे दोन, एक इसाराचा आणि एक तोड झाल्यावरचा. कापूस तीन-चार खेपांत जातो. सोयाबीनचा एक, तुरीचा एक, गहू विकला तर एक. म्हणजे आठ-नऊ दिवस. त्यातलेही निम्मे दिवस पैसा या हातानं आला आणि त्या हातानं कृषी केंद्राच्या उधारीत किंवा सोसायटीच्या कर्जात गेला. मग आनंद जर फक्त भाव भेटल्यावरच करायचा असेल, तर उरलेले साडेतीनशे दिवस आपण काय करतो? वाट पाहतो. वाट पाहता पाहता माझी पंचावन्न वर्षं झाली.

आता तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ही मी या पानावर कधी लिहिली नव्हती.

त्या साली ऑगस्टमध्ये पाऊस थांबलाच नाही. काळी जमीन, पाणी निघायला जागा नाही. पंधरा दिवस झाडं ओल्या पायानं उभी होती. आंबियाची गळ लागली. सकाळी जावं तर झाडाखाली हिरव्या संत्र्यांचा सडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. टोपल्यानं उचलून खड्ड्यात टाकली. ज्या व्यापाऱ्यानं इसार दिला होता त्यानं एकदा येऊन बगीचा पाहिला आणि त्यानंतर फोन उचलणं बंद केलं. कपाशीवर लाल्या आला. पोराच्या कॉलेजची फी भरायची होती.

मी गप्प झालो. भांडलो नाही, रडलो नाही, दारूला हात लावला नाही. नुसता गप्प. ताट समोर आलं की जेवायचो, पण काय खाल्लं ते विचारलं तर सांगता आलं नसतं. शेतात जायचो आणि धुऱ्यावर बसून परत यायचो. बगीच्याच्या आत पाय टाकत नव्हतो. आमच्या विदर्भात घरचा माणूस असा गप्प झाला की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. का येतो ते या पानावरच्या वाचकांना सांगायला नको.

असे तीन-साडेतीन महिने गेले. डिसेंबरात गव्हाला पाणी द्यायची रातपाळी होती. लाइन रात्री दहाला यायची. मी आणि आमचा सालदार, दोघं वावरात. थंडी अशी की पाण्यात पाय टाकला की हाड दुखायचं. त्यानं तुराट्यांची शेकोटी पेटवली, बाजूच्या तासातल्या तुरीच्या हिरव्या शेंगा तोडून आणल्या आणि निखाऱ्यात टाकल्या. भाजल्यावर दोन्ही तळहातांवर घोळून राख झटकली आणि माझ्यापुढं धरल्या. "घ्या भाऊ, गरम हाय तवरक खाऊन घ्या."

मी सोलून दाणे तोंडात टाकले. आणि मला चव लागली.

यापेक्षा मोठं काही झालं नाही. तुरीचे भाजलेले सोले, थोडी राख, थोडा धूर. पण तीन महिन्यांत पहिल्यांदा मला कशाची तरी चव लागली होती. मी म्हटलं, "अजून आण लेका." तो हसला. रात्री एक वाजेपर्यंत आम्ही शेंगा खात होतो. एका दांडातलं पाणी फुटून दुसरीकडे गेलं, तेही कळलं नाही. सकाळी घरी येऊन बायकोला म्हटलं, आज सोले-वांग्याची भाजी कर. ती माझ्याकडं पाहतच राहिली.

पुढं जानेवारीत नवती फुटायच्या वेळेस फवारणीचं औषध काढायला कोठ्यात गेलो, तर औषधाच्या पेटीला कुलूप. आमच्या पेटीला कधी कुलूप नव्हतं. घरी येऊन विचारलं, "किल्ली कुठं हाय?" बायकोनं गळ्यातली पोत पुढं ओढली. पोतीला किल्ली बांधलेली होती. "सप्टेंबरपासून माह्यापाशीच हाय," एवढंच म्हणाली, आणि सोडून हातात दिली.

मंडळी, त्या दिवशी मला कळलं की माझ्या गप्प बसण्याचं वजन कोण वाहत होतं.

म्हणून कोणी म्हटलं की "वास काय चाटाचा हाय", तर मी आता गप्प बसत नाही. वास चाटून पोट भरत नाही हे मलाही कळते. पण ज्या माणसाला वास येणं बंद होते, चव लागणं बंद होते, त्याचं काय होते तेही मी पाहून आलो आहे. रोजच्या साध्या गोष्टीत मजा वाटणं ही चैन नाही. माणूस आतून जिवंत आहे की नाही, त्याची ती खूण आहे. आपण झाडाची पानं पिवळी पडली की धावपळ करतो, माती तपासतो, झिंक कमी आहे की लोह कमी आहे ते पाहतो. स्वतःची पानं पिवळी पडलेली मात्र दिसत नाहीत.

आमचे बाबा तिसरी शिकलेले. त्यांच्याकडं माझ्यापेक्षा पैसा कमी, कर्ज जास्त, आणि विहिरीवर मोट. पण पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की बाबांची झडती ऐकायला लोक थांबायचे. झडती म्हणजे काय ते बाहेरच्यांसाठी सांगतो : पोळ्यात जमलेल्या गर्दीत मोठ्यानं म्हणायची गमतीची, टोमण्याची जुळवणी. सावकारावर, सरकारावर, पावसावर, स्वतःच्या बैलावर सुद्धा. बाबा आठ-आठ दिवस आधीपासून डवरे हाकताना ती जुळवायचे. तासाच्या या टोकाला एक ओळ आणि त्या टोकाला दुसरी. आता गावात बैलजोड्या बोटावर मोजण्याइतक्या राहिल्या. दुसऱ्या दिवशीचा पोरांचा तान्हा पोळा मात्र अजून जोरात भरते. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली तो सुरू केला असं नागपुरात सांगतात. लाकडी बैल घेऊन पोरं घरोघर जातात आणि बोजारा मागतात. त्यांना कापसाचा भाव माहीत नसते. त्यांचा पोळा कधी वाया जात नाही.

दोन वर्षांपूर्वी एका कृषी सहायक साहेबांनी मला मासानोबू फुकुओका यांचं पुस्तक वाचायला दिलं, ‘एका काडातून क्रांती’ या नावानं मराठीत आलेलं. हा जपानचा शेतकरी. भात आणि संत्रा, दोन्ही करणारा, म्हणून मला जवळचा वाटला. त्याची बिनानांगरणीची शेती आपल्याकडं जशीच्या तशी चालते का, हा वाद वेगळा आहे. त्यानं स्वतःच कबूल केलं आहे की सुरुवातीला बापाच्या बगीच्यातल्या संत्र्याच्या झाडांची छाटणी एकदम बंद केली, तर ती झाडं मेली. पण त्यातली एक गोष्ट माझ्या मनात बसली. तो सांगतो की गावातल्या देवळाची साफसफाई करताना त्याला भिंतीवर जुन्या पाट्या दिसल्या. त्यावर गावच्याच शेतकऱ्यांनी लिहिलेल्या हायकू होत्या, म्हणजे तीन ओळींच्या लहान कविता. तेव्हाचा शेतकरी गरीब होता, पण हिवाळ्यात त्याच्याकडं कविता करायला वेळ होता. पुढं यंत्रं आली, औषधं आली, उत्पन्न वाढलं, आणि तो वेळ गेला.

हे वाचलं आणि मला बाबांची झडती आठवली. आपल्याकडंही हेच झालं. पेरणी ट्रॅक्टरनं, मळणी थ्रेशरनं, पाणी ठिबकनं. चार दिवसांचं काम चार तासांवर आलं. मग वाचलेला वेळ गेला कुठं? खरं सांगा. माझा तर मोबाइलमध्ये गेला. सकाळी उठलो की आधी भाव, मग हवामान, मग कोणाचं तरी स्टेटस. झाडाकडं पाहायच्या आधी झाडाचा फोटो. हे पानही मोबाइलवरच आहे, म्हणून मी कोणाला शहाणपण शिकवत नाही, माझीच गोष्ट सांगतो.

आता कृषीवाल्या मंडळींसाठी एक मुद्दा. मजेनं शेतात फिरणं हे शेतीच्या कामाचंही आहे. मागच्या जुलैत एका झाडावर बुलबुलानं घरटं केलं होतं. पिल्लं निघाली का ते पाहायला मी रोज त्या झाडापाशी जायचो. दुसरं काही काम नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खाली वाकलो तर शेजारच्या झाडाच्या बुंध्यावर, कलमाच्या सांध्याजवळ, डिंकाचा थेंब. डिंक्या. नुकती सुरुवात होती. साल खरडली, बोर्डो मलम लावलं, आळ्यातलं पाणी बुंध्यापासून दूर केलं, आजूबाजूची दहा झाडं तपासली. झाड वाचलं. तीन वर्षांपूर्वी मी धुऱ्यावर बसून होतो, तेव्हा अशी अकरा झाडं गेली, आणि मला कळलं ती पानं झडल्यावर. ज्याला बगीच्यात जावंसं वाटते, त्याला कीड-रोग आधी दिसते. ज्याला जावंसं वाटत नाही, त्याला तो कृषी केंद्रवाल्याकडून कळते, बिलासहित.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवतो, नाहीतर उद्या कोणी माझंच लिहिलेलं माझ्या तोंडावर मारायचं. "शेतकऱ्यानं समाधानी राहावं" असं भाषण ठोकणारे लोक मला आवडत नाहीत. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव कागदावर ८,११० रुपये होता, सोयाबीनचा ५,३२८. दारात आलेला व्यापारी काय आकडा बोलते ते तुम्हाला माहीत आहे. आपला संत्रा बांगलादेशात जायचा, तर तिकडच्या सरकारनं आयात शुल्क वाढवत नेलं आणि त्याचा मार इथल्या झाडाखाली बसला. हे प्रश्न फुलाच्या वासानं सुटत नाहीत. त्यासाठी भांडावं लागते, आणि मी भांडतोच. पण भाव मागायला जायचं तर अंगात जीव पाहिजे. चव गेलेला माणूस भांडत नाही, तो नुसता बसतो. मी बसलो होतो.

दुसरी गोष्ट बायकोनं दाखवून दिली. मी पहाटेच्या फेरीचं कौतुक सांगत होतो, तर ती चुलीपासून म्हणाली, "तुमची फेरी होते. माह्या सकाळच्या चार वाजतापासूनच्या फेऱ्या कोण मोजते? पाणी, झाडलोट, सैपाक, डबे. मले बी दाखवा एखाद दिवस तुमचं फूल." चपराक बसली. आमच्या घरी बगीच्याला बावीस वर्षं झाली, कापूस वेचायला आणि निंदायला ती हजार वेळा वावरात आली असेल. पण फुलं पाहायला म्हणून एकदाही आली नव्हती. तिला वेळच नव्हता, आणि तिचा वेळ खाऊन माझी मजा चालली होती.

तेव्हापासून सकाळचा चहा मी करतो. पहिले काही दिवस पातेलं करपलं, आता जमते. चहा घेऊन दोघं बगीच्यात जातो, वीस मिनिटं. आणि सांगतो, तिची नजर माझ्यापेक्षा तेज आहे. यंदा सायला पहिल्यांदा तिनंच पाहिला. "हे पाहा, कवळ्या पानावर बारीक बारीक काहीतरी हाय," म्हणून तिनंच दाखवलं. भिंग मी नंतर काढलं.

मग आम्ही काय करतो ते सांगतो. मोठं काही नाही.

सकाळच्या फेरीत मोबाइल घरी राहते. भाव नऊ वाजता पाहिला तरी तोच असते.

दुपारची भाकर वावरात सगळ्यांसोबत. सालदार, बाया, आम्ही, एकाच निंबाखाली. चून-भाकर, कांदा आणि ठेचा. कोणाच्या डब्यात अंबाडीची भाजी असली तर आधी ती संपते. जेवताना पैशाचं बोलायचं नाही असं ठरवलं आहे. मोडते कधी कधी.

ज्या हंगामाची जी चीज आहे ती त्या हंगामात खायची, विकायच्या आधी. पहिल्या तोडीची चार संत्री घरात आली पाहिजेत. पूर्वी आम्ही चांगला माल व्यापाऱ्याला द्यायचो आणि घरी डागी फळ खायचो. आपल्याच झाडाचं चांगलं फळ आपण न खाणं, याला काटकसर म्हणत नाहीत.

आठवड्यातून एकदा संध्याकाळी गावातल्या सामुदायिक प्रार्थनेला जाऊन बसतो. तुकडोजी महाराजांनी लावलेली ही सवय आमच्या गावात अजून टिकून आहे. मी काही मोठा भक्त नाही, गळाही नाही. पण खंजिरी वाजते, वीस-पंचवीस लोक एका सुरात असतात, आणि प्रार्थना झाल्यावर लोक लगेच उठत नाहीत. त्या अर्ध्या तासात कोणाच्या घरी काय चाललं ते कळते. कोणी दोन आठवडे दिसला नाही तर आम्ही त्याच्या घरी जातो. माझ्या वेळेस कोणी आलं नव्हतं, कारण मीही कोणाकडे गेलो नव्हतो.

आणि ज्याला यातलं काहीच गोड लागत नसेल, झोप येत नसेल, जेवण जात नसेल, त्यानं माझा लेख वाचून स्वतःला दोष देऊ नका. "मजा वाटून घे" म्हटल्यानं मजा वाटत नाही. मला शेंगांनी हात दिला हे माझं नशीब. तो आजारही असू शकते आणि त्याला औषध असते. सरकारची टेली-मानस नावाची सेवा आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येते. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सांगा. आणि घरच्यांनो, घरातला माणूस गप्प झाला तर "करते नाटक" म्हणून सोडून देऊ नका. पेटीला कुलूप लावा. माझ्या बायकोनं लावलं होतं.

त्या भावकीतल्या पोराला काल उत्तर सुचलं नाही. आज सकाळी त्याला फोन केला, म्हटलं उद्या साडेपाचला बगीच्यात ये, चहा मी करतो. तो म्हणाला, "काका, काम काय हाय?" म्हटलं, काही काम नाही. जरा वेळ थांबून म्हणाला, "येतो."

तुमच्या वावरात आज काय चांगलं दिसलं, तेही लिहा. भाव सोडून. हरभऱ्याला घाटे धरले असतील, म्हशीला पारडू झालं असेल, नातवानं पहिल्यांदा वखर धरला असेल. जे असेल ते.

चला, लाइन आली. गव्हाला पाणी सोडायचं आहे.